दोष केबलचा

"आता वाजव."

"वाजवलं."

"परत एकदा."

"अरे, वाजवतेच आहे मी. मला इथे ऐकू येतंय. तुझ्या त्या डब्यात काही पोचत नाहीये."

प्रसाद म्हसकर टेबलाखालून रांगत बाहेर आला आणि गुडघे चोळत खुर्चीत बसला. कम्प्युटरच्या पडद्यावर संगीताचं सॉफ्टवेअर उघडं होतं, पण त्यात नुसत्या रिकाम्या आडव्या रेघा होत्या. पलीकडे भिंतीला लागून डिजिटल पियानो आणि त्याच्यापुढे स्टुलावर देविका. पियानोच्या पाठीतून निघालेली केबल जमिनीवरून टेबलापर्यंत आली होती, मधून जाणारं कुणीही पाय अडकून पडेल अशी. शुक्रवार असल्यामुळे खालचं डेंटिंगचं गॅरेज बंद होतं. मस्कतमधल्या वादी कबीरची ती गल्ली आठवड्यातून एवढ्या एका सकाळीच गप्प असायची.

पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेल्या फोनमधून केयूर बघत होता. नेदरलँड्सला शिकायला जाण्याआधी हा जुना कम्प्युटर त्यानंच मार्गी लावला होता. त्यावरचं विंडोज काढून लिनक्स टाकलं होतं, आणि 'आता हा लवकर मरत नाही' असं सांगून तो विमानात बसला होता.

"बाबा, केबलचं ते गोल टोक दाखव. काय लिहिलंय त्याच्यावर?"

"इन."

"आणि ते तू पियानोच्या इनमध्ये घातलंयस."

"मग कुठे घालू?"

"आउटमध्ये. पियानोतून आउट होतं ते कम्प्युटरमध्ये इन होतं ना. इट्स ऑपोझिट."

प्रसादला स्वतःचीच लाज वाटली. बरक्याजवळच्या ज्या प्लँटमध्ये समुद्राचं पाणी गोडं करतात, तिथे तो गेजेस आणि सेन्सर सांभाळायचा. सिग्नल मीटरमधून बाहेर पडतो आणि पॅनलमध्ये आत जातो, हे तो नव्या मुलांना वर्षानुवर्षं शिकवत आला होता. घरी आल्यावर मात्र साधी दोन टोकं उलटी लावून बसला होता.

त्यानं टोकं बदलली. मग केयूरनं सांगितलं तशी एक छोटी खिडकी उघडली. तिच्यात डावीकडे केबलचं नाव होतं, उजवीकडे सॉफ्टवेअरचं. माउसनं एका नावापासून दुसऱ्यापर्यंत त्यानं एक तार ओढली. खोटी तार, पण दिसायला थेट प्लँटमधल्या वायरिंगच्या नकाशासारखी. हे त्याला जमण्यासारखं होतं.

"वाजव आता."

देविकानं एक पट्टी दाबली. पडद्यावरच्या रिकाम्या रेघांमध्ये एक छोटा हिरवा ठोकळा उमटला.

"आला!" प्रसाद ओरडला. "आला गं!"

देविका स्टुलावरून उठून पडद्याजवळ आली आणि तो ठोकळा बराच वेळ बघत राहिली. "एवढासा?" ती म्हणाली, पण हसली. फोनमधून केयूरनं टाळ्या वाजवल्या.

हे सगळं शाळेच्या वार्षिक कार्यक्रमासाठी चाललं होतं. देविका इथल्या भारतीय शाळेत संगीत शिकवायची. डोंबिवलीहून मस्कतला आली तेव्हा पेटीवर मुलांना प्रार्थना शिकवण्यापासून तिनं सुरुवात केली होती. दरवर्षी फेब्रुवारीत स्टेजच्या कडेला बसून लहान मुलांच्या नाचाला तीच वाजवायची. मुलं चुकली की ती मागे यायची, धावली की पुढे जायची. यंदा कार्यक्रमांचं काम बघायला आकांक्षा नावाची नवी मुलगी आली होती. हुशार आणि बोलायला अतिशय गोड. "मॅम, या वर्षी सगळं ट्रॅकवर करू या का? लाइव्हमध्ये रिस्क असते. तुम्हालाही निवांत बसून बघता येईल," असं ती म्हणाली होती.

देविका घरी येऊन पर्स न काढताच बसून राहिली होती. मग म्हणाली होती, "मी तिला सांगितलं, डाउनलोड केलेलं काही नको. तिसरीच्या मुलांचा नाच माझ्या चालीवर बसतोय, ट्रॅक मीच करून देईन. पण प्रसाद, ट्रॅक करतात कसा?"

प्रसादला संगीतातलं काही कळत नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिची कुठली चाल आवडते असं विचारलं तर तो 'ती मधली' म्हणायचा. पण एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात काही न्यायचं असेल तर ते त्याचं काम होतं. "आपण जोडू पियानो केयूरच्या कम्प्युटरला," असं त्यानं लगेच सांगून टाकलं होतं.

आता जोडला गेला होता. देविकानं पदर खोचला आणि नाचाची चाल वाजवायला घेतली. कोळ्यांच्या होड्या किनाऱ्याला येतात असा तो नाच होता. डावा हात संथ, आणि उजव्या हातात भराभर चढत जाणाऱ्या सुरांच्या लाटा. प्रसादनं लाल बटण दाबलं. ठोकळ्यांची रांग पडद्यावरून सरकू लागली.

वाजवून झाल्यावर दोघांनी ऐकलं. पहिल्या दोन लाटा बरोबर होत्या. तिसऱ्या लाटेच्या टोकाला एक सूर गायब होता. पुढे आणखी दोन नव्हते.

"हे काय?" देविका म्हणाली. "मी वाजवले होते हे."

पुन्हा वाजवलं. या वेळी वेगळे सूर गेले, पण गेलेच.

"केबल असेल, आई," केयूर म्हणाला. "स्वस्तातल्या केबल्स नोट्स ड्रॉप करतात. खूप लोकांनी लिहिलंय ऑनलाइन."

"केबलच खराब आहे," देविका म्हणाली. ती उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हातानं चोळत होती. "आणि या पट्ट्यापण जड झाल्यात. जुना झाला हा पियानो."

संध्याकाळी दुकानं उघडल्यावर प्रसाद हमरियाला गेला. जुनैदचं दुकान एका शिंप्याच्या आणि एका न्हाव्याच्या मध्ये होतं, इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की जुनैदला भिंतीला टेकावं लागे. त्याच्याकडे सगळ्या केबल्स असत.

"ये वाली तो चायना का भी चायना है, भाईसाब," पहिली केबल हातात घेऊन तो म्हणाला. मग वरच्या फळीवरून दुसरी काढली, जाड आणि वजनदार. "ये ले जाओ. स्टुडियोवाले ले जाते हैं. नहीं चली तो वापस, खलास."

दुसऱ्या दिवशी नव्या केबलनं पुन्हा रेकॉर्डिंग झालं. देविकानं चाल तीनदा वाजवली. तिन्ही वेळा सूर गळाले. तिसऱ्यांदा ती मध्येच थांबली, झाकण बंद केलं आणि शकीलाबरोबर भाजी आणायला निघून गेली. शकीला हैदराबादची, खालच्या मजल्यावर राहायची आणि देविकाच्याच शाळेत गणित शिकवायची.

घरात प्रसाद एकटा उरला. दोष शोधायचा तर एकेक गोष्ट बाजूला काढत जायची, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. तो स्टुलावर बसला आणि पियानोची एकेक पट्टी डावीकडून उजवीकडे दाबत गेला. काळ्या, पांढऱ्या, सगळ्या. पडद्यावर ठोकळ्यांचा एक जिना तयार झाला, एकही पायरी न चुकता. त्यानं जुनी, पहिली केबल लावून बघितली. तोच जिना. भराभर दाबून बघितलं. सगळे सूर पोचत होते.

म्हणजे जुनैदची केबल चांगली होती. पहिलीही चांगलीच होती. पियानो चांगला होता, सॉफ्टवेअर चांगलं होतं.

तो कम्प्युटरसमोर येऊन बसला आणि देविकानं वाजवलेलं त्यानं पडद्यावर उघडलं. प्रत्येक ठोकळ्याच्या खाली एक उभी रेघ होती. बोट जितक्या जोरानं पट्टीवर पडलं असेल तितकी ती उंच. आदल्या दिवशी या रेघांकडे त्यानं लक्ष दिलं नव्हतं. डाव्या हाताच्या रेघा कुंपणासारख्या एकसारख्या होत्या. उजव्या हाताची प्रत्येक लाट मात्र उंच सुरू होत होती आणि पुढची रेघ आधीच्यापेक्षा थोडी ठेंगणी, तिच्यापुढची आणखी ठेंगणी. अनामिका आणि करंगळीच्या जागेपर्यंत रेघ जेमतेम उरायची, आणि मग नाहीशी व्हायची. जिथे देविका दम खायला थांबली होती तिथून पुन्हा उंच रेघ आणि पुन्हा तोच उतार. तिन्ही रेकॉर्डिंगमध्ये तेच.

असे उतार बघणं हाच प्रसादचा धंदा होता. पंप बंद पडण्याच्या कितीतरी आधी पडद्यावरची रेघ अशी झुकायला लागते. वरच्या साहेबांना ती दिसत नाही, कारण पाणी तर येत असतं. आणि असा उतार केबलमुळे कधी येत नाही. केबल खराब असली की सिग्नल असतो किंवा नसतो. केबल दमत नाही.

मग बाकीच्या गोष्टी एकेक करून आठवायला लागल्या, न बोलावता. देविकानं पोळ्या लाटणं सोडलं होतं आणि 'दोघांसाठी कशाला घाट' म्हणून बाजारातून तयार खुबूस रोट्या आणायला लागली होती. वेणी कापून केस खांद्यापर्यंत केले होते. चालताना तिचा उजवा हात शरीराला चिकटल्यासारखा असायचा, आणि त्याला वाटायचं ती पर्स सांभाळते आहे. हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोरच घडलं होतं. त्याला उतार दिसला नव्हता, कारण पाणी येत होतं.

देविका पिशव्या घेऊन आली. दोन्ही पिशव्या डाव्या हातात होत्या.

"कळलं का काही?" तिनं विचारलं. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती त्याच्याकडे नाही, पिशव्यांकडे बघत होती.

प्रसादनं तोंड उघडलं. जे सांगायचं होतं ते अगदी जिभेवर होतं.

"केबलच," तो म्हणाला. "हीपण तसलीच निघाली."

"मी म्हटलंच होतं," देविका म्हणाली आणि आत गेली.

त्या आठवड्यात देविका रोज तालमींसाठी शाळेत थांबत होती आणि प्रसाद प्लँटवरून तिच्या आधी घरी पोचत होता. त्या मोकळ्या वेळात तो एक काम करत होता. ते त्यानं केयूरलाही सांगितलं नाही. सॉफ्टवेअरमध्ये ठेंगणी रेघ माउसनं धरून वर ओढता येत होती. जिथे सूरच नव्हता तिथे नवा ठोकळा ठेवता येत होता. डाव्या हाताच्या रेघांवरून अंदाज घेत त्यानं एकेक लाट दुरुस्त केली. पुढेमागे पडलेले ठोकळे एका ओळीत आणायलाही एक बटण होतं. तेही त्यानं दाबलं. शेवटी सगळी चाल अशी नीटनेटकी दिसायला लागली की एखाद्या नव्या बसवलेल्या मशीनचा तक्ता वाटावा.

पुढच्या शुक्रवारी चहा झाल्यावर तो म्हणाला, "ऐक. झालाय तुझा ट्रॅक."

ती कप हातात धरून ऐकत राहिली. पहिली लाट, दुसरी, तिसरी. सगळे सूर जागच्या जागी होते. प्रसाद तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"हे कोणी वाजवलंय?"

"कोणी म्हणजे? तूच. गेल्या शनिवारचं आहे. मी फक्त जरा साफ केलं."

"या तिसऱ्या लाटेत माझी करंगळी पडलीच नव्हती, प्रसाद."

"केबलमुळे ते..."

"केबलचं नाव घेऊ नकोस आता." तिनं कप खाली ठेवला. बशीवर तो जरा वाजलाच. "केबल खराब आहे असं मी म्हणत होते. मी म्हणत होते ते एक वेळ ठीक होतं. तू का म्हणालास? मशीनबद्दल तू कधी खोटं बोलत नाहीस. मी विचारलं आणि तू केबल म्हणालास, तेव्हाच मला कळलं की तुला दिसलंय."

खालच्या गॅरेजच्या शटरवर कुणीतरी मुलं चेंडू आपटत होती.

"कधीपासून?" प्रसादनं विचारलं.

"उन्हाळ्यापासून. वेणी घालताना हात मध्येच दमायचा. मग असेंब्लीत एकदा प्रार्थना वाजवताना मागे पडले. मुलं गात पुढे गेली, मी मागेच. शकीला समोर उभी होती. आकांक्षापण होती." ती थांबली. "तिनं ट्रॅक का मागितला असेल, असं वाटलं तुला? वाईट नाहीये ती. सांभाळून घ्यायला बघत होती मला."

"शकीलाला माहितीये. आणि मला नाही सांगितलंस."

"तुला सांगितलं असतं तर तू दुरुस्त करायला बसला असतास." तिनं पडद्यावरच्या त्या सरळ ओळींकडे बोट केलं. "बसलासच."

"मी तुझ्यासाठीच केलं ना ते? तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"माझ्या चुका होत्या त्या! मला न विचारता पुसल्यास तू. चाळीस वर्षं वाजवतेय मी, आजपर्यंत माझ्या हातातून काढून घेऊन कुणी वाजवलं नाही." तिचा आवाज फाटला. "मला वाटत होतं, तुला कळेपर्यंत ते खरं नाही. तेवढंच हवं होतं मला. फंक्शन होईपर्यंत."

ती उठून आतल्या खोलीत गेली. दार लावलं नाही, पण त्याला आत जावंसं वाटलं नाही.

तो खाली उतरला. जिन्यात शकीला कपड्यांची बादली घेऊन वर चालली होती. त्याचा चेहरा बघून तिनं बादली पायरीवर ठेवली.

"पता चल गया आपको?"

त्यानं मान हलवली.

"मैं कितनी बार बोली उसको, भाईसाब. चलो, डॉक्टर को दिखाते. बोलती, फंक्शन हो जाने दो. मैं बोली, प्रसादभाई को तो बताओ. बोलती, वो सब ठीक करने लगेंगे, और ये ठीक नहीं हुआ तो उनका मुँह मेरे से देखा नहीं जाएगा." शकीलानं ओढणीनं डोळे टिपले. "मेरे को गुस्सा मत होना."

"तुमपे क्यों होऊँगा," प्रसाद म्हणाला. तो गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला. समोर उघडे तपकिरी डोंगर होते आणि त्यांच्या पायथ्याशी रिकाम्या स्कूलबसेस रांगेत उभ्या होत्या. राग कुणावर करायचा हेच त्याला ठरवता येत नव्हतं. थोड्या वेळानं तो परतला. देविका पलंगावर कडेला बसली होती. तो तिच्याशेजारी बसला आणि म्हणाला, "उद्या अपॉइंटमेंट घेऊ. नुसतं दाखवायला. मी काही बोलणार नाही तिथे."

"बोल की," ती म्हणाली. "एकटीला इंग्रजीत घाबरता येत नाही मला."

डॉक्टर सुदानी होते, वयस्कर, हळू बोलणारे. त्यांनी देविकाला अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर आपटत राहायला सांगितलं. डावा हात चिमटीसारखा उघडत-मिटत राहिला. उजवा मोठा सुरू झाला आणि लहान लहान होत गेला. प्रसादला पडद्यावरच्या रेघा दिसत होत्या. त्यानं खिडकीबाहेर बघितलं. मग डॉक्टरांनी तिला कॉरिडॉरमधून चालायला लावलं, मनगट धरून हात फिरवून बघितला, आणि पुढच्या भेटीत, तपासण्या झाल्यावर, पार्किन्सन्स हा शब्द उच्चारला. औषधांनी बरीच वर्षं नीट जातात, असंही सांगितलं. देविकानं फक्त एक प्रश्न विचारला. पियानो वाजवता येईल का?

"वाजवा," डॉक्टर म्हणाले. "रोज वाजवा. पण आधीसारखा हिशेब धरू नका."

परतताना रुवीच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा देविका म्हणाली, "शाळेत मी सांगेन. तू किंवा शकीलानं नाही. मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्टची वेळ येईल तेव्हा मीच सांगेन."

"बरं."

"आणि केयूरला आज नाही. त्याच्या परीक्षा होऊ देत."

"बरं."

"नुसतं बरं बरं करू नकोस."

"मग काय करू?" प्रसादनं विचारलं, आणि त्याचा आवाज असा आला की देविकानं वळून त्याच्याकडे बघितलं. हिरवा दिवा लागला. मागच्यानं हॉर्न दिला. त्याला गिअर सापडेना.

घरी आल्यावर ती सरळ पियानोपाशी गेली.

"ते तुझं साफ केलेलं पूस आधी."

त्यानं फाइल निवडली. नक्की पुसायचं का, असं मशीननं विचारलं. त्यानं हो केलं.

"आता सांग. एकावर एक रेकॉर्ड करता येतं का यात? म्हणजे आधी एक हात, मग त्याच्यावर दुसरा?"

"येतं. वेगवेगळ्या पट्ट्यांवर... थर असतात त्याचे. आधीचं वाजत राहतं, आणि त्याच्यावर तू दुसरं वाजवायचं."

"मग बटण दाब."

तिनं आधी डाव्या हातानं डाव्या हाताचा भाग वाजवला. तो एका फटक्यात झाला. मग ती स्टूल सरकवून उजवीकडे बसली, आणि उजव्या हाताच्या लाटाही डाव्या हातानं वाजवायला लागली.

ते सोपं नव्हतं. डाव्या हाताला त्या लाटांची सवय नव्हती. अंगठा जिथे करंगळी हवी तिथे येत होता. कितीतरी वेळा ती चुकली, हात झटकला, पुन्हा वाजवलं. औषध सुरू झाल्यावर पहिले काही दिवस तिला मळमळायचं, तेव्हा एखादी लाट वाजवून ती उठून जायची. प्रसाद खुर्चीत बसून सुरू आणि बंद, एवढंच करत होता. चालीचा वेग तिनं कमी केला. काही सूर स्वतःच काढून टाकले. एक दिवस म्हणाली, "एवढे सूर नव्हतेच लागत याला. मी उगाच मिरवत होते."

चौथ्या लाटेपाशी मात्र हात खूप दूर न्यायला लागत होता. वरचा सूर गाठायला तिला थांबावंच लागायचं, आणि तिथे चाल क्षणभर अधांतरी राहायची.

"इथे जरा रिकामं वाटतंय," प्रसाद धीर करून म्हणाला. "विचारतोय फक्त. पुढचं थोडं अलीकडे ओढून घेऊ?"

देविकानं ती जागा पुन्हा ऐकली.

"नको," ती म्हणाली. "हाताला पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतो. राहू दे."

ट्रॅक असाच शाळेत गेला. आकांक्षानं ऐकून 'फारच छान, मॅम' असं लिहून पाठवलं. जरा संथ आहे, असंही त्यात होतं, पण बदलायला तिनं सांगितलं नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी प्रसाद आणि देविका प्रेक्षकांत बसले. इतक्या वर्षांत देविका पहिल्यांदाच स्टेजच्या समोर होती. कडेला जिथे ती बसायची तिथे आता दोन काळे स्पीकर होते. शकीला मुलांच्या रांगा सांभाळत विंगेत उभी होती. औषधानं देविकाचा हात थोडा मोकळा झाला होता, तरी साडीच्या निऱ्या त्या दिवशी प्रसादनं धरल्या होत्या. त्याला ते नीट जमलं नव्हतं, आणि ती काही बोलली नव्हती.

तिसरीची मुलं निळे कपडे घालून आली. चाल सुरू झाली. मुलं एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवून होड्या झाली आणि डुलत डुलत पुढे सरकायला लागली. मागच्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "म्यूज़िक कितना अच्छा है ना? कहीं से डाउनलोड किया होगा." प्रसाद मागे वळणार होता. देविकानं डावा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि त्याला वळू दिलं नाही.

पहिली लाट गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. चौथी लाट चढायला लागली तशी प्रसादनं खुर्चीचा हात घट्ट धरला. आता मुलं अडखळणार. सूर येणार नाही आणि ती पुढे निघून जाणार.

मुलांनी हात वर केले, शिडं उभारल्यासारखे, आणि ती थांबली. सगळीच्या सगळी. नुसती चवड्यांवर उभी राहिली, माना वर करून. महिनाभर याच ट्रॅकवर ती नाचली होती. ही जागा अशीच असते असं त्यांना वाटत होतं. सभागृहात कुणी खोकलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका लहान मुलीचा तोल जात होता, तरी तिनं हात खाली घेतला नाही.

मग वरचा सूर आला, आणि सगळे हात एकदम उतरले.